काळ्या जमिनीवर कृत्रिम हिरवळीचें क्रीडांगण

आमच्या शेतकरी बंधूंकडून अलीकडे एक नवीनच विचारणा वारंवार होऊं लागली आहे. घरामागच्या परड्यांत किंवा वाड्यालगतच्या मोकळ्या जागेंत मुलांसाठीं कृत्रिम हिरवळीचें, म्हणजे लोक बोलतांना ज्यास 'टर्फ' म्हणतात त्याचें, लहानसें क्रीडांगण करावयाचें असल्यास तें आपल्या काळ्या जमिनीवर टिकेल काय, व टिकावयाचें तर काय करावें, असा त्या विचारणेचा मथितार्थ असतो. तासाच्या भाड्यानें मिळणारीं अशीं मैदानें आतां तालुक्याच्या गांवींहि झालीं आहेत. सायंकाळीं तेथें दिवे लागतात व मोटारसायकलींची रांग उभी राहते. मुलगे तेथें जाऊं शकतात. मुलींस मात्र रात्रीच्या वेळीं तीन-चार कोस जाऊन खेळणें बहुतेक घरांतून घडत नाहीं. आणि ज्या घरच्या मुलीस व्हॉलीबॉलची किंवा बॅडमिंटनची खरी आवड आहे, त्या घरचा शेतकरी परड्यांतच सोय करूं पाहतो. ही इच्छा आम्हांस अगदीं रास्त वाटते. परंतु तीन गुंठे जमीन व एका चांगल्या हंगामाची शिल्लक ज्या कामांत घालावयाची, तें काम तिसऱ्या पावसाळ्यांत उखळून निघूं नये, म्हणून या विषयाचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीनें, म्हणजे मातीपासून आरंभ करून, येथें करण्याचें योजिलें आहे.

हिरवळ विकणारा व्यापारी हिरवळीविषयीं पुष्कळ बोलतो. पात्यांची उंची, रंग, हमीचीं वर्षें, सर्व कांहीं सांगतो. खालच्या मातीविषयीं बहुधा एक शब्दहि काढीत नाहीं. वास्तविक हिरवळ हा वरचा गालिचा होय. ज्या ओट्यावर तो घालावयाचा तो ओटाच वर्षांतून दोन वेळां हालत असेल, तर गालिचा कितीहि भारी असला तरी त्याचा काय उपयोग? एका गांवीं आम्हीं असें मैदान पाहिलें आहे. काळ्या जमिनीवर चार इंच वाळू, वाळूवर हिरवळ, एवढेंच काम होतें. दुसऱ्या वर्षीं मधोमध टेंगूळ आलें, कडेला खोलगट पन्हळ पडली, आणि त्या पन्हळींत पाणी सांचून हिरवळीचे जोड सुटले. हिरवळ निकृष्ट होती असें नव्हे. खालचा पायाच नव्हता.

या वस्तूचा इतिहास लहानसाच आहे. अमेरिकेंत १९६४ सालीं प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राउन या शाळेंत ती अंथरण्यांत आली. पण तिचें नांव झालें तें ह्यूस्टन शहरांतील ॲस्ट्रोडोम या छपराखालच्या क्रीडागृहामुळें. १९६५ सालीं तेथें खरें गवत लावलेलें होतें. छपराच्या तावदानांतून येणाऱ्या चकाकीनें खेळाडूंस चेंडू दिसेना, म्हणून तावदानांस रंग दिला, आणि प्रकाश तुटल्याबरोबर गवत मेलें. १९६६ सालीं त्या जागीं प्लास्टिकची हिरवळ आली व त्या इमारतीवरूनच तीस 'ॲस्ट्रोटर्फ' हें नांव पडलें. आपल्या देशास तिची ओळख झाली ती कडूच झाली. १९७५ सालीं क्वालालंपूर येथें गवताच्या मैदानावर हॉकीचा विश्वचषक जिंकणारा आपला संघ १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्यें कृत्रिम हिरवळीवर सातव्या क्रमांकावर गेला. १९२८ पासून हॉकींत पदक चुकल्याची ती पहिलीच वेळ होती. असो. आतां ही हिरवळ गांवोगांव मिळते, पण ती ज्या पायावर घालावयाची तो पाया प्रत्येक जमिनीच्या स्वभावाप्रमाणें निराळाच करावा लागतो.

आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्येष्ठाच्या आरंभीं तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. आषाढांत तीच जमीन फुगून भेगा मिटवून टाकते व वरून पाणी आंत घेईनाशी होते. दख्खनच्या पठारावरील बसाल्ट खडक झिजून ही माती झाली आहे. तींत चिकण भाग पुष्कळ, कित्येक ठिकाणीं निम्म्याहून अधिक, असतो. आणि त्या चिकण भागांत स्मेक्टाइट वर्गाचीं खनिजें प्रमुख असतात. या खनिजाचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिशय पातळ पापुद्रे होत. ओल मिळाली कीं पाणी पापुद्र्यांच्या मधोमध शिरतें व ते एकमेकांपासून दूर सरतात. ओल गेली कीं पुन्हां जवळ येतात. कपाशीस व हरभऱ्यास जें हितकारक, म्हणजे ओल पोटांत धरून ठेवणें, तेंच बांधकामास अपायकारक होतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. उघड्या शेतांत सर्व जमीन सारखीच फुगते व सारखीच आटते, म्हणून ती हालते हें डोळ्यांस दिसत नाहीं. पण तिच्या एका तुकड्यावर झांकण घातलें म्हणजे मधल्या भागांतील ओल वाफ होऊन जाण्याचें बंद होतें. खालून ओल हळूहळू वर येऊन मधोमध सांचते व तो भाग वर्ष-दोन वर्षांत फुगून तसाच राहतो. कांठाकडील माती मात्र उन्हाळ्यांत आटते व पावसाळ्यांत फुगते, दर वर्षीं. मध्यभागाचें टेंगूळ व कडेची पन्हळ यांचें कारण हेंच. तेव्हां आपल्या सर्व कामाचा हेतु एकच असावा : मैदानाखालच्या काळ्या मातीची ओल, ऋतु कोणताहि असो, शक्य तितकी सारखी राखणें.

जागा.— उत्तम खोल जमीन या कामीं घालवूं नये, हें आमचें पहिलें सांगणें. बहुतेक जुन्या वाड्यांजवळ खळ्याची जागा असते. मळणी यंत्रावर होऊं लागल्यापासून कित्येक खळीं ओस पडलीं आहेत. खळें पूर्वजांनीं मुद्दाम उंचवट्यावर, वारा लागेल व पाणी निथळेल अशा ठिकाणीं केलेलें असतें, वर्षानुवर्षें बैलांच्या खुरांनीं तें दाबलें गेलेलें असतें, व घरापासून हांकेच्या अंतरावर असतें. क्रीडांगणास याहून चांगली जागा सहसा सांपडावयाची नाहीं. न्हाणीचें सांडपाणी ज्या बाजूस जातें ती बाजू टाळावी. तसेंच लिंब, बाभूळ किंवा निलगिरी यांच्या जवळ मैदान करूं नये. झाड आपल्या बाजूची ओल शोषून तेवढीच जमीन आटविते. झाडाची जितकी उंची तितकें तरी अंतर असावें. गांवठाणाबाहेर शेतजमिनींत हें काम करावयाचें असेल, तर बिगरशेती उपयोगाविषयींचे नियम महसूल खात्याकडे आधींच विचारून घ्यावे. पाया भरल्यावर विचारण्यांत अर्थ नाहीं.

मातीची परीक्षा.— प्रथम जागेवर चार-पांच फूट खोल खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो तें पाहावें. दोन फुटांच्या आंत लागला तर काम सोपें आहे. काळी माती सर्व काढावी व मुरमावरच पाया भरावा. मुरूम न लागल्यास माती किती फुगते हें समजून घेतलें पाहिजे, व त्याची एक साधी रीत आहे. वाळवून, कुटून, अगदीं बारीक चाळणीनें चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी. एकांत शुद्ध पाणी, दुसऱ्यांत रॉकेल शंभर मिलिलिटरच्या खुणेपर्यंत ओतून कांडीनें ढवळावें, म्हणजे आंतील हवा निघून जाईल. चोवीस तासांनीं तळाशीं बसलेल्या मातीचा फुगारा दोन्हींकडे मोजावा. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. समजा, रॉकेलांत १२ मिलिलिटर व पाण्यांत २१ मिलिलिटर भरली. तर फरक ९, म्हणजे मूळच्या १२ च्या शेंकडा ७५ झाला. शेंकडा ५० च्या वर गेलेली माती या कामास दुष्टच समजावी. रॉकेल आतां पूर्वीसारखें सहज मिळत नाहीं. तें न मिळाल्यास हीच परीक्षा स्थापत्यशास्त्राच्या प्रयोगशाळेंतून करवून घ्यावी. आणावयाच्या मुरमाचीहि परीक्षा याच रीतीनें करावी, कारण मुरूम म्हणून पिवळसर चिकण माती गाड्या भरून टाकण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, व ती पुढें काळ्या मातीइतकीच त्रास देते.

पायाचा आकार.— उदाहरणासाठीं आम्हीं ८० फूट लांब व ४० फूट रुंद मैदान धरतों. म्हणजे ३,२०० चौरस फूट, सुमारें तीन गुंठे. यांत व्हॉलीबॉलचें पूर्ण अंगण (१८ मीटर × ९ मीटर) मावून सभोंवार थोडी जागा उरते, व बॅडमिंटनचें (१३.४ मीटर × ६.१ मीटर) तर सहज मावतें. एक व्यवहाराची गोष्ट : हिरवळीच्या गुंडाळ्या बहुधा ४ मीटर रुंद येतात. तीन पट्ट्या लावल्या म्हणजे बरोबर १२ मीटर, म्हणजे ३९ फूट ४ इंच, रुंदी होते. पुरे ४० फूट धरल्यास ८ इंचांच्या पट्टीसाठीं चौथी गुंडाळी कापावी लागेल. म्हणून कांठाचें बांधकाम करण्यापूर्वीं गुंडाळीची रुंदी विचारून घ्यावी.

काम कोणत्या दिवसांत करावें, याविषयीं शहरांतील कंत्राटदार सांगेल कीं, उन्हाळ्यांत करावें, कारण तेव्हां यंत्रें चिखलांत रुततात असें होत नाहीं. हा सल्ला काळ्या जमिनीस लागू नाहीं. वैशाखांत भेगाळलेल्या, पुरत्या आटलेल्या मातीवर पाया भरला, तर ओल परत येतांच ती संपूर्ण फुगणार व पाया उचलणार. उलट भिजलेल्या मातीवर भरला तर ती आटतांना पाया खचणार. मार्गशीर्ष-पौषांत जमीन वाफशावर असते. ती वेळ साधावी. नांगर धरणाऱ्यास वाफसा कोणता हें सांगावें लागत नाहीं, आणि या कामीं त्याची नजर कोणत्याहि यंत्रापेक्षां उपयोगी पडेल.

आंखणी झाल्यावर ९ इंच माती काढावी. ही २४ ब्रास होते. ती टाकून देऊं नये; हलक्या, मुरमाड शेतावर पसरावी. एका एकरावर तिचा सुमारें पाऊण इंचाचा थर बसतो, आणि माळरानावरच्या जमिनीस तेवढाहि पुष्कळ आहे. खड्ड्याच्या तळासच उतार द्यावा. रुंदीच्या एका बाजूकडून दुसरीकडे शंभरांत एक, म्हणजे ४० फुटांत सुमारें ५ इंच. हा उतार प्रत्येक थरांत कायम राहिला पाहिजे. तळ सपाट ठेवून फक्त वरच्या थरांत उतार काढणें म्हणजे पोटांत तळें राखणें होय.

तळाच्या मातीस चुना देणें फार फायद्याचें असतें. कळीचा चुना विरवून त्याची कोरडी भुकटी मातीच्या वजनाच्या शेंकडा ५ या प्रमाणांत तळाच्या ६ इंच थरांत मिसळावी. आपल्या उदाहरणांत सुमारें ३२ क्विंटल चुना लागेल. चुना समप्रमाणांत पसरून रोटाव्हेटरच्या तीन-चार पाळ्या द्याव्या, बेताचें पाणी शिंपडावें, व ढेकूळ न राहील इतकें मिसळल्यावर रूळ फिरवावा. चुन्यांतील कॅल्शियम मातीच्या कणांस चिकटून त्यांचे गुच्छ बनवितें; चिकट माती रवाळ होते व तिचें फुगणें उतरतें. पुढें कित्येक आठवडे चुना व मातींतील सिलिका यांचा संयोग होऊन थर कठीण होत जातो, म्हणून निदान सात दिवस तो ओलसर राखावा. चुना पसरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांस व हातांस झळ पोहोंचते. चष्मा व हातमोजे दिल्याखेरीज त्यांस या कामास लावूं नये, आणि वाऱ्याच्या दिवशीं काम बंदच ठेवावें.

आतां मुख्य थराविषयीं. काळ्या मातीवर वाळू घालावी, वाळू फुगवटा पोटांत घेते, अशी समजूत गवंड्यांत अजून आहे. ती चुकीची आहे. वाळू पाणी साठविते व तें पाणी खालच्या मातीस सावकाश पाजीत राहते. तिच्या अंगीं फुगणारी माती दाबून धरण्याची शक्ति नाहीं. मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं काळ्या जमिनींतील कालव्यांच्या अस्तरासाठीं जे दीर्घ प्रयोग केले त्यांतून असें दिसून आलें कीं, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर काळ्या मातीवर दाबून बसविला, तर तिच्या फुगण्यास चांगला आळा बसतो. कर्नाटकांतील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यावर ही रीत वापरण्यांत आली. आपल्याकडील चांगला तांबडा मुरूम, ज्यांत थोडी माती असून मूठ वळते पण जो फुगत नाहीं, तो या थरास योग्य. कालव्याखालीं हा थर पुष्कळ जाड घालतात. क्रीडांगणावर भार थोडा व हिरवळ लवचीक, म्हणून चुना दिलेल्या तळावर ९ इंच पुरतो असें आमचें मत आहे; चुना देणें जमत नसेल तर तो दीड फुटाहून कमी करूं नये.

९ इंच दाबलेल्या थरास २४ ब्रास, म्हणजे सैल मुरूम सुमारें ३० ब्रास मागवावा. दोन थरांत घालावा, प्रत्येक सैल थर ६ इंचांचा. ओल किती असावी? मूठभर मुरूम दाबला असतां गोळा व्हावा, व तो कमरेइतक्या उंचीवरून टाकला असतां दोन-चार तुकडे व्हावे. चिखलासारखा पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. रस्त्याच्या कामाचा आठ-दहा टनी रूळ भाड्यानें आणावा. तो न पोहोंचणाऱ्या कोपऱ्यांत धुम्मस करावी. नेमके हेच कोपरे पुढें खचतात.

एक पावसाळा.— येथपर्यंत काम झालें म्हणजे थांबावें. हा आमच्या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा व बहुधा सर्वांत नावडता भाग होय. मुलांस घाई असते, व्यापाऱ्यास त्याहून अधिक असते. पण हिरवळ ही या कामांतील सर्वांत महाग वस्तु, व पायाचें खरेंखोटें पावसाळ्यावांचून कळत नाहीं. मैदानावर दर दहा फुटांवर लोखंडी खुंट्या मुरमांत ठोकून त्यांच्या माथ्याच्या उंची नळीच्या पाणसळीनें घ्याव्या व एका वहींत लिहून ठेवाव्या. ताडून पाहण्यासाठीं न हालणारी जागा धरावी. खडकांत बांधलेल्या विहिरीचा कठडा सर्वांत उत्तम. एकदां वैशाखांत व एकदां भाद्रपद संपतांना मोजावें. सर्व खुंट्या सारख्याच वर आल्या तर चिंता नाहीं. शेजारच्या दोन खुंट्यांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक पडला, तर तेथें ओल कोठून येते किंवा जाते याचा शोध घ्यावा, दोष काढावा, मुरमाची भर घालून पुन्हां रूळ द्यावा. या अवधींत मुलांनीं मुरमावरच खेळावें. आणि खरें सांगावयाचें तर, कित्येक घरांत येथेंच काम पुरें झालें असें समजण्यास हरकत नाहीं. वर तांबड्या मातीचा बारीक थर देऊन, पाणी शिंपडून, रूळ फिरविला तर व्हॉलीबॉल, खो-खो व कबड्डी यांस याहून चांगलें मैदान नको. कबड्डीसाठीं तर कृत्रिम हिरवळ घेऊंच नये. पडलेल्या खेळाडूचें गुडघ्या-कोपराचें कातडें ती सोलून काढते.

कोणी विचारतील कीं, खरें गवत कां लावूं नये? जी हरळी खणतां खणतां शेतकऱ्याची कंबर मोडते, तीच उष्ण प्रदेशांत क्रीडांगणांसाठीं मुद्दाम लावतात, ही मौजेची गोष्ट आहे. पाणी भरपूर असेल तर ती चांगलीच. परंतु उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्याची भ्रांत असलेल्या गांवीं तीन गुंठे हिरवळ शिंपणें शोभत नाहीं, आणि काळ्या जमिनीवर पावसाळ्यांत तिचा चिखल होतो तो होतोच.

पाण्याचा निकाल.— दुसऱ्या वर्षीं मार्गशीर्षांत पुढील काम हातीं घ्यावें. ३,२०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें साडेसात हजार लिटर पाणी होतें. तें कोठें जाणार याचें उत्तर तयार असल्याखेरीज खडीची गाडी मागवूं नये. मुरमाच्या थरावर शेततळ्यास घालतात तसलें जाड प्लास्टिकचें अस्तर घालावें. तळ्यांत जें पाणी आंत राखतें तेंच येथें पाणी काळ्या मातीपर्यंत जाऊं देणार नाहीं. अस्तर कांठाबाहेर तीन-चार फूट मातीखालीं न्यावें, म्हणजे कांठाजवळची ओलहि फारशी बदलणार नाहीं. अस्तरावर खडीचीं टोंकें रुतूं नयेत म्हणून जाड भू-वस्त्र पसरावें. त्यावर ४ इंच खडी. खालीं मोठी, वर बारीक. ही दाबून सुमारें ११ ब्रास होते. खडींत भुकटी नसावी, नाहीं तर पाणी वाहणार नाहीं. खडीवर एक इंच दगडी कच, तीन ब्रासांच्या आंत-बाहेर, पसरून हलका रूळ फिरवावा, व दहा फुटी सरळ फळी लावून खांचखळगे काढावे.

उताराच्या खालच्या बाजूस एक फूट रुंद चर काढावा, तोहि त्याच अस्तरानें आंतून मढवावा, कारण उघड्या चरांतून पाणी बाजूच्या काळ्या मातींत मुरलें तर सर्व श्रम फुकट. चरांत ४ इंची, भोंकें पाडलेला नळ भू-वस्त्रांत गुंडाळून घालावा व सभोंवार खडी भरावी. नळासहि शंभरांत एक उतार हवा. ८० फुटांत सुमारें १० इंच उतरतो, म्हणून चर एका टोंकास दीड फूट असेल तर दुसऱ्या टोंकास सव्वादोन-अडीच फूट होईल. शेवटीं पाणी उघड्यावर, ओढ्याच्या दिशेनें, बाहेर पडलेंच पाहिजे. शोषखड्डा काळ्या जमिनींत चालत नाहीं. तो पहिल्या दोन सरींतच भरतो व मग उलट ओल पुरवितो. नळाच्या तोंडाशीं एक लहान गाळकुंडी बांधावी. हिरवळीचे तुटलेले तंतु तींत अडकतात. ते विहिरींत, शेततळ्यांत किंवा गुरांच्या पाणवठ्यावर जाऊं देऊं नयेत.

जाळ्याचे खांब व दिव्यांचे खांब यांविषयीं दोन शब्द. उथळ पायावरचा खांब काळ्या जमिनींत दर वर्षीं थोडा थोडा कलतो. रूडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें अशा जमिनीसाठीं तळाशीं कंदासारखा फुगीर भाग असलेले खांबपाये प्रचारांत आणले. जमिनीची हालचाल जेथें थांबते त्या खोलीपर्यंत, सुमारें साडेतीन मीटर, ते नेतात. दिव्याच्या उंच खांबास असाच पाया करावा. जाळ्याचे हलके खांब जड बैठकीवर उभे करून हालविते ठेवले तरी चालतें.

हिरवळ अंथरणें.— घरगुती, अनेक खेळांच्या मैदानास २० ते २५ मिलिमीटर पात्यांची, वाळूनें भरावयाची हिरवळ आम्ही पसंत करतों. फुटबॉलसाठीं लांब पात्यांची घेतात, पण तींत चेंडूची उसळी मरते व बॅडमिंटनमध्यें पाय अडखळतो. गुंडाळ्या उन्हांत कांहीं तास उलगडून ठेवाव्या, म्हणजे वळ्या मोडतात. सर्व पट्ट्यांचीं पातीं एकाच दिशेस कललेलीं असावीं. जोडाखालीं पट्टी घालून पॉलियुरेथेनचा चिकटद्रव लावावा, व हें काम कोरड्या दिवशीं, दंव उडाल्यावर करावें. कांठ सिमेंटच्या कठड्यास घट्ट बसवावा.

भरणासाठीं धुतलेली, वाळविलेली, गोलसर कणांची सिलिका वाळू घ्यावी व ती कुंच्यानें झाडीत थोडी थोडी बसवावी. जुन्या टायरांचा काळा रबरी चुरा भरण्याचा आग्रह झाल्यास तो नाकारावा. एक तर तो उन्हांत फार तापतो. दुसरें असें कीं, तो पायांबरोबर व पाण्याबरोबर बाहेर पडून मातींत मिसळतो, आणि शेतकऱ्याच्या घरीं 'बाहेर' म्हणजे शेतच असतें. युरोपीय संघानें २०२३ सालीं सूक्ष्म प्लास्टिकावर जो निर्बंध घातला त्यांत क्रीडांगणांवरील अशा दाण्यांचाहि समावेश असून, त्यांची विक्री आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंद व्हावयाची आहे.

उष्णतेविषयीं वाचकांची फसवणूक होऊं नये. खरें गवत पाणी श्वसून थंड राहतें; प्लास्टिक तसें करूं शकत नाहीं. विदर्भ-मराठवाड्यांत चैत्र-वैशाखाच्या दुपारीं त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याहि वर जाऊं शकतो. पाणी मारल्यानें थोडा वेळ उतार पडतो, पुन्हां तापतो. तेव्हां उन्हाळ्यांत खेळ सकाळीं आठाच्या आंत किंवा दिवे लागणीनंतरच ठेवावा, व लहान मुलांस अनवाणी सोडूं नये. हिरवळीचें आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षें धरतात. त्यानंतर ती खत होत नाहीं, जाळणें तर अपायकारकच. जुनी हिरवळ परत नेण्याचें कोण पत्करतो हें विकत घेतांनाच लेखी ठरवून घ्यावें. खालचा पाया नीट असेल तर दुसऱ्या वेळीं फक्त गालिचाच बदलावा लागतो.

निगा थोडीच आहे, पण ती चुकवूं नये. आठवड्यांतून एकदां कडक कुंच्यानें पात्यांच्या उलट दिशेनें झाडावें, म्हणजे वाळू घट्ट बसत नाहीं. पालापाचोळा कुजूं देऊं नये. त्याची माती होऊन तींत हरळीच रुजते, व ती जोडांतून वर येते. शेळ्या-वासरांस आंत येऊं देऊं नये. ट्रॅक्टर वळविण्यासाठीं मैदानाचा कोपरा वापरण्याचा मोह टाळावा. कांठाबाहेर अस्तर पुरलेल्या तीन-चार फुटांच्या पट्ट्यांत फुलझाडें लावून पाणी देऊं नये. तेथें मुरूम दाबून ठेवावा. खुंट्यांच्या मोजणीची वही पुढेंहि चालू ठेवावी. वर्षांतून दोन मोजण्या पुरतात. आणि मृग निघण्यापूर्वीं गाळकुंडी उपसून, नळाच्या वरच्या तोंडांतून दोन घागरी पाणी ओतून तें खालच्या तोंडानें खळखळ बाहेर येतें कीं नाहीं, तें स्वतः उभें राहून पाहावें.